स्पार्क येतो, जातो, पुन्हा येतो: मोटरसायकलच्या इग्निशनमधील दोष कसा पकडावा

मोटरसायकल चालता चालता बंद पडते, कितीही किक मारल्या तरी उठत नाही, प्लग काढून पाहिला तर त्याला करंट येत नसल्याचे दिसते, आणि प्लग, एचटी कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्टांचा दाब तयार करणारी कॉइल) किंवा सीडीआय (ठिणगी घडवून आणणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांपैकी काहीतरी बदलल्यावर ती पहिल्यासारखी चालू लागते. काही आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. अशा तक्रारीत बदललेला भाग खरोखर खराब होताच असे नाही. सीडीआय बदलण्यासाठी कपलर, म्हणजे तारांचा प्लॅस्टिकचा जोड, ओढून काढावा लागतो आणि नवा भाग जोडताना तो पुन्हा दाबून बसवावा लागतो. एवढ्या घर्षणाने आतल्या पिनांवरचा हिरवट गंज खरवडला जातो, सैल झालेला संपर्क तात्पुरता जुळतो आणि श्रेय नव्या सीडीआयला मिळते. म्हणून या दोषाच्या शोधात पहिला नियम असा पाळावा की, मोजमाप होईपर्यंत कोणताही कपलर उगाच हलवायचा नाही आणि एका वेळी एकाहून अधिक गोष्टी बदलायच्या नाहीत. दोष हजर असताना केलेली दहा मिनिटांची तपासणी, तो नाहीसा झाल्यानंतर केलेल्या दिवसभराच्या खटपटीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

गाडीत कोणती पद्धत आहे, हे आधी ठरवावे

या विषयावरचे बरेचसे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, कारण ते वेगवेगळ्या पद्धतींच्या गाड्यांसाठी दिलेले असतात. जुन्या गाड्यांत पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क) आणि त्यांच्यातली ठिणगी शमवणारा कंडेन्सर असतात. त्यानंतरच्या असंख्य लहान गाड्यांत एसी सीडीआय असते. तिच्यात मॅग्नेटमधील (इंजिनाबरोबर फिरणारे चुंबकी चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्याच्याजवळच्या कॉइल यांच्या संचातील) एक स्वतंत्र कॉइल, जिला सोर्स कॉइल किंवा एक्सायटर कॉइल म्हणतात, शंभर ते काही शे व्होल्टांचा दाब निर्माण करते, त्यावर सीडीआयमधील कपॅसिटर भारला जातो, आणि ठिणगीचा क्षण कळवणाऱ्या पल्सर कॉइलचा इशारा मिळताच आतला एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच तो सगळा भार एका क्षणात एचटी कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे कमी दाबाच्या वेढ्यांत, ओततो. या गाडीला स्पार्कसाठी बॅटरी लागत नाही. डीसी सीडीआयमध्ये कपॅसिटर तसाच असतो, परंतु तो भारण्यासाठी लागणारा दाब सीडीआयमधील लहानसे इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून तयार करते. टीसीआय या ट्रान्झिस्टरच्या पद्धतीत, तसेच फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये, हा कपॅसिटर नसतोच. एचटी कॉइलच्या प्रायमरीला सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि मॉड्यूल किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) तिची अर्थ बाजू, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी बाजू, जोडून ठेवून योग्य क्षणी तोडतो, आणि हा प्रवाह तुटतो त्या क्षणी ठिणगी पडते.

मॅन्युअल हाताशी नसेल तर एचटी कॉइलच यातला फरक सांगते. चावी चालू करून कॉइलच्या प्रायमरी टोकावर मीटर लावावा. एका टोकाला बॅटरीइतका दाब दिसला तर ती टीसीआय किंवा पॉइंटची बॅटरी पद्धत आहे, आणि एक टोक थेट अर्थला जोडलेले असून दुसऱ्यावर काहीच दिसत नसेल तर ती बहुधा सीडीआय आहे. (इंजेक्शनच्या काही गाड्यांत ईसीयू हा पुरवठा चावी लावल्यावर काही सेकंदच चालू ठेवतो, तेथे मीटर आधी लावून मग चावी फिरवावी.) प्रायमरीचा रोधही बोलका असतो: सीडीआयच्या कॉइलमध्ये तो साधारण एक ओहमच्या आत राहतो, तर टीसीआयमध्ये बहुधा दोन ते पाच ओहम असतो. या फरकामुळेच एका पद्धतीची कॉइल दुसऱ्या पद्धतीत बसवू नये. बाहेरून सारखी दिसते, बोल्टची भोकेही जुळतात, आणि नंतर मॉड्यूल जळते. सीडीआयच्या कॉइलला 'चालते का पाहू' म्हणून थेट बॅटरी लावणे हाही असाच प्रकार होय.

स्पार्क नाही, हे खात्रीने ठरवणे

प्लग काढून, तो कॅपमध्ये (एचटी वायरीच्या टोकाला असलेल्या टोपीत) बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग न लावलेल्या जागी घट्ट टेकवावा आणि किक मारावी. येथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे प्लग हाताने सैलसर धरून ठेवणे. अर्थ नीट मिळाला नाही तर स्पार्क दिसत नाही आणि धक्का मात्र बसतो. प्लग जाड तारेने किंवा क्लिपने इंजिनाला बांधून ठेवावा. दुसरी म्हणजे प्लगच्या उघड्या भोकाजवळच ठिणगी पाडणे. किक मारताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ती पेटू शकते, म्हणून भोकावर कापड दाबावे किंवा तेथे जुना प्लग बसवून तपासणीसाठी वेगळा वापरावा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

कॅप काढून वायर उघडी ठेवून किक मारण्याची आणि ठिणगी 'किती लांब उडते' ते पाहण्याची सवय मात्र सोडून द्यावी. दहा-वीस हजार व्होल्टांच्या त्या दाबाला बाहेर वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढतो, आणि कधीकधी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही घेऊन जातो. लांब ठिणगीची परीक्षा घ्यायचीच असेल तर फट ठरवता येणारा स्पार्क टेस्टर वापरावा. मोकळ्या हवेत सुमारे ६ मिलिमीटर फट ओलांडणारी ठिणगी पुरेशी मानतात. एवढी फट कशाला, असा प्रश्न पडू शकतो, कारण प्लगची फट तर ०.६ ते ०.९ मिलिमीटरच असते. याचे उत्तर फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेल्या नियमात आहे: ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युत दाब फटीच्या लांबीवर आणि वायूच्या दाबावर मिळून ठरतो. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेले की तीच इवलीशी फट ओलांडणे कितीतरी कठीण होते. त्यामुळे बाहेर काढलेल्या प्लगवर फिकट ठिणगी दिसते, तीच आत मरते, आणि 'स्पार्क तर आहे' असे म्हणून माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो. ठिणगी सावलीत पाहावी. ती निळसर-पांढरी असावी आणि तिचा स्पष्ट आवाज यावा. पिवळी-तांबूस, केसासारखी बारीक ठिणगी ही स्पार्क नसल्यातच जमा धरावी.

नवा प्लगही खराब निघू शकतो, आणि पेट्रोलने भिजलेला किंवा काजळी धरलेला प्लग करंट आतल्या आतच अर्थ करतो. म्हणून चालत्या गाडीतून काढलेला, खात्रीचा प्लग तपासणीसाठी ठेवावा.

कॅप आणि एचटी वायर

खात्रीचा प्लग लावूनही ठिणगी नसेल तर कॅप वायरीवरून उलट फिरवून काढावी. बहुतेक कॅपच्या आत स्क्रू असतो आणि तो वायरीच्या तारांत रुतून संपर्क करतो. कालांतराने तेथे तारा जळतात, काळी पूड होते आणि फट पडते. मग ठिणगीला प्लगच्या आधीच एक उडी मारावी लागते. काही दिवस ती मारते आणि पावसाळी दमट हवेत मारेनाशी होते. वायर पुरेशी लांब असेल तर टोकाचा ५-६ मिलिमीटर भाग कापून कॅप नव्या तारांत घट्ट फिरवावी. कॅपच्या आतील रेझिस्टर मीटरवर मोजता येतो. बऱ्याच कॅपमध्ये तो ५ किलोओहमचा असतो. मीटरने अनंत दाखवले किंवा कॅप हलवल्यावर आकडा उड्या मारू लागला तर ती फेकून द्यावी. रेझिस्टर नको म्हणून साधी धातूची कॅप आणि बिनरेझिस्टरचा प्लग एकत्र लावणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, त्या रेझिस्टरचे काम केवळ रेडिओची खरखर थांबवण्यापुरते नसते. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला चुकीचे इशारे मिळू नयेत, हेही तो पाहतो.

बंद करणारी तार

सर्वांत जास्त वेळ वाचवणारी तपासणी येथे आहे, आणि नेमकी तीच उलटी केल्यास सर्वांत जास्त नुकसान होते. एसी सीडीआयच्या गाडीत इंजिन बंद करण्याची रीत अशी असते की, किल स्विच किंवा चावी सीडीआयची एक तार अर्थला जोडते आणि कपॅसिटर भारला जाणे थांबते. म्हणजे ही तार कुठेही घासून चेसिसला टेकली, चावीच्या कुलपात पाणी गेले, किंवा किल स्विचमध्ये गंज साचून संपर्क चिकटला, की चावी चालू असूनही गाडीला ती बंदच आहे असे वाटते. अशा गाडीत ती एक तार सीडीआयच्या कपलरपाशी सुटी करून किक मारावी. स्पार्क आला तर सीडीआय, कॉइल, पल्सर सगळे निर्दोष आहेत आणि दोष हँडल ते सीडीआय या टप्प्यात आहे. (तार सुटी असताना गाडी चावीने बंद होणार नाही, हे लक्षात ठेवून मगच इंजिन सुरू करावे.)

डीसी सीडीआय आणि टीसीआयमध्ये हेच चित्र उलटे असते. तेथे किल स्विच १२ व्होल्टांचा पुरवठा तोडतो. स्विच बिघडला तर तो पुरवठा पोहोचतच नाही. अशा गाडीत 'किलची तार' अर्थ केली तर फ्यूज उडेल किंवा वायरिंग जळेल, आणि सुटी केली तर स्पार्क येण्याचा प्रश्नच उरत नाही. गोंधळ वाढवणारी बाब अशी की, अनेक जपानी गाड्यांत काळ्या-पांढऱ्या पट्ट्याची तार एसी सीडीआयमध्ये अर्थ करून बंद करणारी असते, आणि बॅटरीवरच्या पद्धतीत त्याच रंगाची तार किल स्विचमधून येणारा चालू पुरवठा वाहून नेते. रंगावरून निष्कर्ष काढू नये; चावी चालू करून त्या तारेवर १२ व्होल्ट आहेत की नाहीत ते मोजावे.

याच मार्गावर साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि न्यूट्रलचा स्विच अनेक गाड्यांत जोडलेले असतात. न्यूट्रलमध्ये सुरू होणारी आणि गिअर टाकताच बंद पडणारी गाडी बहुधा साइड स्टँडच्या स्विचची तक्रार करत असते, कारण तो चिखलाच्या सर्वांत जवळ असतो. इंजेक्शनच्या गाड्यांत पडझड ओळखणारा सेन्सरही असतो. गाडी पडून उठवल्यानंतर स्पार्क नसेल तर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी, कारण काही गाड्यांत त्याशिवाय तो सेन्सर पूर्ववत होत नाही.

हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावरच गाडी बंद पडत असेल तर स्टिअरिंगच्या मानेजवळची वायरिंग पाहावी. तेथे तारेचे बाहेरचे प्लॅस्टिक शाबूत असते आणि आतले तांबे वाकून वाकून तुटलेले असते. अशी तार केवळ मीटरच्या 'बीप'वर तपासू नये, कारण उरलेला एकच धागासुद्धा बीप वाजवतो, मात्र प्रत्यक्ष प्रवाह तो वाहू शकत नाही. पुरवठा चालू ठेवून, भार जोडलेला असताना, तारेच्या दोन टोकांमधील दाबाची घट मोजावी; ती अर्ध्या व्होल्टाच्या पुढे जात असेल तर मधे कुठेतरी अडथळा आहे.

किकने उठते, सेल्फने उठत नाही

बॅटरीवरच्या पद्धतीत ही खूण फार मोलाची आहे. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब खाली जातो, आणि तो साधारण ९-१० व्होल्टांच्या खाली गेला की बऱ्याच सीडीआय आणि ईसीयू काम थांबवतात. मोटर तर फिरत असते, त्यामुळे बॅटरीवर संशय जात नाही. सेल्फचे बटण सोडताना इंजिन एकदाच खोकते, हेही याच दोषाचे लक्षण आहे, कारण त्या क्षणी दाब पुन्हा वर आलेला असतो आणि इंजिन अजून फिरत असते. सेल्फ मारत असताना आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग सीडीआयच्या पुरवठ्याच्या तारेवर दाब मोजावा. दोन्हीकडे तो कमी असेल तर बॅटरी कमजोर आहे. बॅटरीवर बरा आणि सीडीआयवर कमी असेल तर चावीचे कुलूप, किल स्विच, फ्यूजची पकड किंवा अर्थ यांपैकी कोठेतरी तो गळतो आहे. अर्थच्या बाजूचीही मोजणी करावी: मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी सीडीआयच्या अर्थ पिनेला लावून सेल्फ मारावा. चेसिसला नवा रंग किंवा पावडर कोटिंग करून घेतल्यानंतर स्पार्क गेलेल्या गाडीत तर प्रथम इंजिन, चेसिस आणि कॉइलच्या बोल्टांखालचा रंग खरवडून पाहावा, कारण अर्थची परतीची वाट याच धातूंमधून जाते आणि रंगाचा एक थर तिला अडवायला पुरेसा असतो.

मॅग्नेटची बाजू

सीडीआयपाशी येणारे इशारे तपासण्यासाठी मॅग्नेटचे झाकण लगेच उघडण्याची गरज नसते. तेथून येणारा कपलर काढून तारांवरच मोजता येते. पल्सर कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत १०० ते ५०० ओहमच्या दरम्यान असतो, आणि सोर्स कॉइलचा काही गाड्यांत याच पल्ल्यात तर काहींत त्याहून अधिक असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. कॉइलचे एखादे टोक अर्थला टेकलेले नाही ना, हेही पाहावे, अर्थात त्या गाडीत ते मुळातच अर्थ केलेले नसेल तर. मात्र रोध बरोबर आला म्हणजे कॉइल चांगली, असे समजू नये. काही वेढे एकमेकांना चिकटले तर रोधात फारसा फरक पडत नाही, आणि निर्माण होणारा दाब मात्र बराच घटतो.

म्हणून कॉइल फिरत्या स्थितीत तपासावी. साध्या मल्टीमीटरवर एसी व्होल्टचा पल्ला लावून किक मारल्यास कॉइल जिवंत आहे की मृत, एवढे कळते. सोर्स कॉइल काही दहा व्होल्ट दाखवते आणि पल्सर व्होल्टाच्या अंशापासून काही व्होल्टांपर्यंत. हे आकडे विश्वासाचे नसतात, कारण हा दाब अतिशय अल्पकाळ टिकणारा असतो आणि साधा मीटर त्याचे शिखर पकडू शकत नाही. त्यासाठी पीक व्होल्टेज अडॅप्टर मिळतो. तो मीटरला जोडला की शिखराचा आकडा स्थिर दिसतो. अनेक मॅन्युअलमध्ये अशा अडॅप्टरवर एचटी कॉइलच्या प्रायमरीला किमान १०० व्होल्ट आणि पल्सरला किमान ०.७ व्होल्ट दिसावेत असे दिलेले असते. वारंवार हे काम करणाऱ्याने इतर कोणत्याही हत्याराआधी हा अडॅप्टर घ्यावा, असे माझे मत आहे. प्रायमरीवर मोजताना त्या टोकांना हात लावू नये. तेथे काही शे व्होल्ट असतात.

सोर्स कॉइल सुटी असताना भरपूर दाब देते आणि सीडीआयला जोडताच तो कोसळतो, असे आढळले तर एक तर सीडीआय आतून शॉर्ट झाली आहे किंवा बंद करणारी तार अर्थला टेकली आहे. पल्सर बरोबर असूनही इशारा क्षीण असेल तर तिची आणि फ्लायव्हीलवरच्या उंचवट्याची फट पाहावी. ती सहसा एक मिलिमीटरच्या आतच असते, आणि पल्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा तेवढ्यानेच गोंधळ घालतो. पल्सर नवी बसवताना तिच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. फ्लायव्हीलला क्रँकवर जखडणारी लहान धातूची पट्टी (वुड्रफ की) तुटून ते क्रँकवर सरकले तरीही असेच होते. हे दोन्ही दोष टायमिंगचे असल्याने येथे त्यांचा एवढाच उल्लेख पुरे.

इंजेक्शनच्या गाडीत क्रँकचा सेन्सर म्हणजेच ही पल्सर असते, आणि ती गेली की स्पार्कबरोबर पेट्रोलची फवारणीही थांबते. त्यामुळे प्लग कोरडा आणि स्पार्कही नाही, अशी जोडी दिसली तर कॉइल सोडून आधी या सेन्सरकडे आणि ईसीयूच्या पुरवठ्याकडे वळावे. चावी लावल्यावर पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू आला तर बहुतेक गाड्यांत ईसीयू जागा आहे असे धरता येते. टीसीआय किंवा ईसीयू कॉइलला इशारा देतो की नाही हे पाहण्यासाठी कॉइलचा कपलर काढून तिच्या जागी १२ व्होल्टांचा एलईडी टेस्ट लॅम्प योग्य दिशेने जोडावा आणि सेल्फ मारावा. लॅम्प लुकलुकला तर मॉड्यूलचे काम चालू आहे. साधा बल्ब येथे फसवतो, कारण त्याची तार तापेपर्यंत इशारा संपलेला असतो.

गरम झाल्यावर जाणारा स्पार्क

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींतला सर्वांत चिवट प्रकार हा. गाडी सकाळी झटक्यात सुरू होते, अर्धा-पाऊण तास चालते, मग बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालते. गाडी दुरुस्तीसाठी पोहोचेपर्यंत थंड झालेली असते आणि तेथे सगळे आकडे बरोबर येतात. कॉइलच्या वेढ्यांतली तार एखाद्या ठिकाणी तुटून नुसती टेकलेली असते. गरम झाल्यावर तार आणि तिच्याभोवतीचे रेझिन वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि टेकलेली टोके अलग होतात. पल्सर आणि सोर्स कॉइल या इंजिनाच्या उष्णतेतच बसलेल्या असल्याने पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा, त्यानंतर एचटी कॉइलवर, आणि मग सीडीआयच्या आतल्या सोल्डरच्या सांध्यांवर.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, आणि मॅन्युअलमधले आकडे सहसा २० अंशांना दिलेले असतात. म्हणजे थंड असताना २०० ओहम दाखवणारी पल्सर १०० अंशांना सुमारे २६० ओहम दाखवणारच, आणि तो दोष नव्हे. दोष असतो तो आकडा एकाएकी हजारोंवर किंवा अनंतावर जाण्यात, किंवा मीटरवर तो सतत डळमळण्यात.

दोष पकडण्याची रीत अशी की, गाडी जेथे बंद पडेल तेथेच, लगेच, आधी स्पार्क पाहावा आणि तो नसेल तर पल्सर व सोर्स कॉइलचा रोध मोजावा. त्यासाठी मीटर, प्लगपाना आणि खात्रीचा प्लग गाडीवर बाळगावा, आणि तपासायच्या तारा कुठे आहेत हे आधीच पाहून ठेवावे, नाहीतर सीट आणि साइड पॅनल काढेपर्यंत इंजिन थंड होते. रस्त्यावर हे जमणार नसेल तर सुटी कॉइल मीटरला जोडून केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू तापवावी आणि आकडा कसा चढतो ते पाहावे. सीडीआयबाबत उलट मार्ग घेता येतो: गाडी बंद पडल्यावर तिच्यावर थंडावा देणारा फवारा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बर्फ धरावा, स्पार्क लगेच परतला तर तिच्यातच दोष आहे. हीच युक्ती एचटी कॉइलवर वेगळी करून पाहावी, दोन्हींवर एकदम नव्हे. कॉइलच्या बाहेरच्या आवरणाला बारीक तडा असेल तर अंधारात, इंजिन चालू असताना तिच्यावर पाण्याचा हलका तुषार मारल्यास निळसर ठिणग्या चेसिसकडे धावताना दिसतात.

सीडीआय शेवटी

सीडीआयची मीटरने पूर्ण परीक्षा होत नाही. काही मॅन्युअलमध्ये पिनांमधील रोधाचे तक्ते दिलेले असतात, पण वेगळ्या मीटरवर ते आकडे वेगळे येतात आणि त्यांवरून चांगली सीडीआय कचऱ्यात जाऊ शकते. म्हणून तिच्यात येणारे सगळे, म्हणजे पुरवठा किंवा सोर्स कॉइलचा दाब, पल्सरचा इशारा आणि अर्थ, तिच्या कपलरपाशीच बरोबर असल्याचे सिद्ध करावे. कपलरपासून कॉइलपर्यंतची तार आणि कॉइल निर्दोष असल्याचेही पाहावे. आणि तरीही प्रायमरीवर काहीच येत नसेल तरच तिला दोषी ठरवावे. शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या चालत्या गाडीवर ती लावून पाहावी. उलटा प्रयोग, म्हणजे आपल्या संशयित गाडीवर दुसऱ्याची चांगली सीडीआय लावणे, आधी करू नये. पहिली जाळणारे कारण अजून तिथेच असेल तर दुसरीही जाईल.

कारण सीडीआय आपोआप वारंवार जळत नसते. चार्जिंगचा दाब इंजिनाचा वेग वाढवल्यावर १५ व्होल्टांच्या वर जात असेल तर तो दाब मर्यादेत ठेवणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर दोषी आहे आणि डीसी सीडीआय, टीसीआय किंवा ईसीयू त्याचे बळी आहेत. तुटकी एचटी वायर, अनंत रोधाची कॅप किंवा फार रुंदावलेली प्लगची फट असली तर प्रत्येक फेरीत कॉइलचा दाब बाहेर न पडता मागे फिरतो. टीसीआयच्या मॉड्यूलला कमी रोधाची कॉइल जोडली तर प्रवाह मर्यादेबाहेर जातो. सैल अर्थमुळेही मॉड्यूल जळू शकते. नवी सीडीआय बसवण्याआधी या चारही बाबी मोजून घ्याव्यात, आणि तिचा कपलर जोडण्यापूर्वी मादी पिनांची पकड एकेक करून पाहावी. सैल पिन बारीक टोकाने किंचित आवळता येते, काळवंडलेली पिन मात्र बदलावी.

पॉइंटच्या गाडीत यातले बरेचसे लागू होत नाही. तेथे पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवावी, टोकांवरचे तेल आणि जळालेला थर काढावा, आणि पॉइंट उघडताना त्यांच्यातच मोठी, पिवळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर बदलावा. बॅटरीवरच्या पॉइंटच्या गाडीत इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून जाऊ नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहत राहतो आणि ती तापून खराब होते.

दुरुस्तीनंतर दोन किका मारून गाडी परत देऊ नये. दोष गरम झाल्यावर येत असेल तर तेवढाच वेळ चालवून, दमट हवेत येत असेल तर कॅप आणि कॉइलवर पाणी शिंपडून, आणि हँडल वळवल्यावर येत असेल तर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. ज्या परिस्थितीत स्पार्क जात होता त्याच परिस्थितीत तो टिकला, तरच बदललेला भाग खराब होता असे म्हणता येते.